पाणलोट क्षेत्र विकासाचा शासकीय निधी

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्याला किंवा नाल्याला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र होय. या क्षेत्रातील माती अडवणे, पाणी जिरवणे, पडीक जमिनीवर गवत आणि झाडोरा वाढवणे व त्यांच्या आधारे कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांची मिळकत स्थिर करणे, यासाठी केंद्र व राज्य शासने दीर्घकाळ निधी देत आली आहेत. शाश्वत शेती आणि ग्रामविकास हे दोन्ही हेतू भारतात या एकाच निधीतून साधले जावेत, अशी अपेक्षा असते. त्यामुळे निधी किती मिळाला, एवढ्यावर त्याचे मोजमाप होत नाही. तो खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली (म्हणजे कोणत्या कारणासाठी), कोणाच्या खात्यावर आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात पोहोचतो, यावर माळरानावर प्रत्यक्षात काय उभे राहते ते बऱ्याच अंशी ठरते.

महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. साठा मर्यादित असल्याने तो लवकर भरतो आणि लवकरच उपसला जातो. अशा जमिनीत पावसाचे पाणी जागच्या जागी मुरवणे, हाच बहुसंख्य कोरडवाहू गावांना परवडणारा मार्ग उरतो.

दुष्काळी कामांपासून पाणलोटापर्यंत

मृद्संधारणाचा सरकारी खर्च स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे शेतांच्या बांधबंदिस्तीची कामे पुढे अनेक वर्षे चालली. मात्र मोठी कलाटणी मिळाली ती १९७२ च्या दुष्काळात. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेतून हजारो मजुरांच्या हाताला काम मिळाले आणि पाझर तलाव, नाला बांध व बांधबंदिस्ती ही त्या कामांतली नेहमीची नावे झाली. योजनेला पैशाचे कायम साधन हवे म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. या करातून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था होती. योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या करातून खेड्यातल्या मजुराचा हक्क उभा करणारी ही रचना या विषयाच्या इतिहासात आजही लक्षणीय ठरते.

या खर्चाचा पहिला हेतू रोजगार हा होता. म्हणून काम कोठे काढायचे हे मजूर कोठे आहेत त्यावर ठरे, पाणी कोठून येते याचा विचार मागे पडे. डोंगराचा माथा उघडाच राहिला आणि खाली तलाव झाला, की वरची माती वाहून येऊन तलाव गाळाने भरू लागे. ‘माथा ते पायथा’ हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग या अनुभवातून रुजला. आधी माथ्यावर सलग समतल चर (समान उंचीच्या रेषेत खणलेले लांब खड्डे), मग उतारावर अनगड (न घडवलेल्या) दगडांचे बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी नाल्यातले बंधारे, असा हा क्रम आहे. महाराष्ट्राने १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रमाद्वारे रोजगार हमीची कामे या क्रमात बसवण्याचा प्रयत्न केला.

केंद्राच्या योजना याच काळात वेगवेगळ्या वाटांनी वाढत होत्या. १९७३-७४ मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम, १९७७-७८ मध्ये वाळवंट विकास कार्यक्रम, १९८९-९० मध्ये एकात्मिक पडीक जमीन विकास कार्यक्रम आणि १९९०-९१ मध्ये कृषी मंत्रालयाचा राष्ट्रीय पाणलोट विकास प्रकल्प सुरू झाला. खाती वेगळी, दर वेगळे आणि हिशेबाच्या वह्याही वेगळ्या होत्या. सी. एच. हनुमंतराव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ मध्ये ही विस्कळीत स्थिती दाखवून दिली. त्यानंतर १ एप्रिल १९९५ पासून ग्रामविकास मंत्रालयाच्या कार्यक्रमांना समान मार्गदर्शक सूचना लागू झाल्या आणि गावाची पाणलोट समिती प्रथमच निधी खर्च करणारी संस्था म्हणून मान्य झाली.

हेक्टरी दर व शीर्षे

निधीचे मूळ परिमाण हेक्टर हे आहे. १९९५ च्या सूचनांत हेक्टरी ४,००० रुपये हा दर होता, तो पुढे ६,००० झाला. २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांनी सपाट प्रदेशासाठी १२,००० आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी १५,००० रुपये ठरवले. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेच्या पाणलोट विकास घटकाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०२१ ते २०२६) हे दर अनुक्रमे २२,००० आणि २८,००० रुपये झाले. त्यासाठी ४९.५० लाख हेक्टरांचे लक्ष्य आणि केंद्राच्या हिश्शाचे ८,१३४ कोटी रुपये मंजूर झाले. २००८ च्या रचनेत केंद्राचा वाटा ९० टक्के होता. २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी तो ६० टक्के झाला आणि राज्यांवरचा भार १० वरून ४० टक्क्यांवर गेला.

हेक्टरी दर मंजुरीला आणि हिशेबाला सोयीचा असतो. त्याचा दोष असा की उताराची वरकस जमीन आणि खोल काळ्या मातीचे शेत यांना लागणारा खर्च मुळातच वेगळा असताना अंदाजपत्रक सरासरीकडे झुकते, आणि ‘उपचारित क्षेत्र’ हा आकडा फुगला की काम झाले असे मानले जाते.

शीर्षांची विभागणी त्याहून अधिक बोलकी आहे. २००८ च्या सूचनांमध्ये नंतर झालेल्या सुधारणेनुसार प्रकल्पाच्या शंभर रुपयांपैकी ५६ रुपये मृद् व जलसंधारणाच्या कामांना, १० उत्पादन पद्धती व लघुउद्योगांना, ९ मालमत्ता नसलेल्या कुटुंबांच्या उपजीविकेला, १० प्रशासनाला, ५ संस्थाबांधणी व प्रशिक्षणाला, ४ गावाचा विश्वास मिळवण्यासाठी सुरुवातीला हाती घ्यायच्या छोट्या कामाला, १ सविस्तर प्रकल्प अहवालाला, २ संनियंत्रण व मूल्यमापनाला आणि ३ अखेरच्या दृढीकरणाला, म्हणजे झालेले काम टिकवण्याची घडी बसवण्याला, असे वाटले गेले. यांतील संस्थाबांधणीचे पाच आणि दृढीकरणाचे तीन रुपये सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजेत. चराईबंदी पाळायची की नाही, बंधाऱ्याचा गाळ कोणी काढायचा, बांध फुटला तर दुरुस्ती कोणाकडे, हे सारे या आठ रुपयांतून घडायचे असते. नेमका हाच खर्च मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत) दाखवता येत नाही, म्हणून तो एखाद-दुसऱ्या मेळाव्यावर व भिंतीवरच्या घोषणांवर संपण्याचा धोका असतो.

मार्चअखेर आणि मृग

शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पावसाचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. पावसाळ्यात मातीकाम करता येत नाही. त्यानंतर शेतात खरिपाचे आणि जेथे ओल टिकते तेथे रब्बीचे पीक उभे असते. शेतकरी बांधबंदिस्तीसाठी जमीन मोकळी करून देऊ शकतो ती साधारण मार्च ते मे या काळात, आणि त्याच काळाच्या मधोमध आर्थिक वर्षाची सीमा येते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि मागील हप्ता ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र यांची साखळी पूर्ण होऊन हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत हाती आला, तर उरलेल्या आठवड्यांत तो खर्ची पडेल अशीच कामे निवडली जातात. सिमेंट नाला बांध यंत्रांनी व ठेकेदारामार्फत थोड्या दिवसांत उभा राहतो. शंभर शेतकऱ्यांच्या संमतीने करायची बांधबंदिस्ती तशी होत नाही. पायथ्याला बंधारे दिसतात आणि माथा बोडका राहतो, यामागे अभियंत्याचे अज्ञान क्वचितच असते. या वेळापत्रकाचा दबाव त्याहून कितीतरी मोठा असतो.

निधी देण्याची वेगळी रीत महाराष्ट्रातच घडली. जर्मनीच्या आर्थिक साहाय्याने आणि फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेकडून येणारा निधी गावची पाणलोट समिती व स्वयंसेवी संस्था यांच्या हाती जाई. तत्पूर्वी गावाने श्रमदान करून आणि छोट्या क्षेत्रावर काम करून आपली तयारी दाखवायची असे. प्रत्येक गट क्रमांकाच्या जमिनीवर त्या शेतकरी कुटुंबाला सोबत घेऊन नियोजन होई, त्यामुळे आपल्या शेतात काय होणार व त्यात आपला वाटा किती, हे काम सुरू होण्याआधीच प्रत्येकाला कळे. जालना जिल्ह्यातील कडवंची हे या कार्यक्रमातील गाव पुढे द्राक्षशेतीसाठी ओळखले जाऊ लागले. या अनुभवाच्या बळावर केंद्र शासन व नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी स्थापन केला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ही गावे यासंदर्भात नेहमी उदाहरणादाखल सांगितली जातात. त्यांचा पैसा मुख्यतः सर्वांसाठी खुल्या असलेल्या शासकीय योजनांतलाच होता, ही गोष्ट मात्र अनेकदा विसरली जाते. वेगळी होती ती पैसा येण्याआधी गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. राज्याच्या आदर्श गाव योजनेने हीच बंधने निधीची पूर्वअट केली.

लाभ कोणाला

जिरवलेले पाणी उताराने खाली जाते, म्हणून पाणलोटाचा लाभ पायथ्याच्या विहीरवाल्या शेतकऱ्याला सर्वांत आधी व सर्वांत जास्त मिळतो. माथ्यावरच्या गायरानात शेळ्या चारणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचे मात्र चराईबंदीने पहिल्याच वर्षी नुकसान होते. २००८ च्या रचनेतले ९ टक्क्यांचे उपजीविका शीर्ष ही या नुकसानीची भरपाई होती, पण ती अपुरी होती. अधिक न्याय्य मांडणी विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावपासून सुरू केलेल्या पाणी पंचायतीत होती. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिला गेला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. हरियाणातील सुखोमाजरी गावानेही धरणातील पाण्यावर भूमिहीनांचा हिस्सा मान्य केला होता. शासकीय पाणलोट योजनांनी ही तत्त्वे कागदावर गौरवली, पण निधीची अट मात्र केली नाहीत.

लोकवाट्याचेही असेच झाले. २००८ च्या सूचनांप्रमाणे खासगी जमिनीवरील कामाच्या खर्चाचा किमान १० टक्के, आणि अल्पभूधारक व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी ५ टक्के, वाटा लाभार्थ्याने द्यायचा आणि तो गावाच्या देखभाल निधीत जमा व्हायचा. अनेक ठिकाणी हा वाटा मजुरांच्या मजुरीतून कापला गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे ज्याच्या शेताला बांध झाला त्याच्याऐवजी तो बांध घालणाऱ्यानेच वर्गणी भरली.

परिणामांचे मोजमाप

देशातील ३११ पाणलोट प्रकल्पांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी २ रुपये १४ पैसे लाभ आढळला आणि जेथे लोकसहभाग अधिक तेथे लाभही अधिक, असे दिसून आले. सरासरीमागे मोठी तफावत दडलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने वेगवेगळ्या विभागांचा निधी एकत्र आणून गावपातळीवर खर्च करण्याचा मार्ग धरला. योजनांच्या अभिसरणाची ही कल्पना योग्य होती. परंतु नाला खोलीकरणासारख्या यंत्राने होणाऱ्या कामांवर भर राहिला, आणि सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम अल्प राहिला, असा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात काढला. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला.

जिरवलेले पाणी कोण किती उपसणार, हा प्रश्न जुन्या निधिरचनेत जवळजवळ नव्हताच. प्लास्टिक अस्तर घातलेली शेततळी विहिरींच्या पाण्याने भरून ठेवली जातात तेव्हा एका योजनेने मुरवलेले पाणी दुसऱ्या योजनेच्या अनुदानावर वर काढले जाते आणि उन्हात वाफ होऊन उडते. हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, पिके ठरवण्याची रीत घालून दिली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गावनिहाय ताळेबंद हाच नियोजनाचा पाया केला. केंद्राच्या अटल भूजल योजनेत, जी डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी जाहीर झाली, ६,००० कोटींपैकी १,४०० कोटी रुपये संस्थांच्या बळकटीकरणासाठी होते आणि उरलेले ४,६०० कोटी रुपये प्रोत्साहन म्हणून ठेवले गेले. भूजलाची माहिती लोकांसमोर मांडणे, पाणी सुरक्षा आराखडे तयार करणे, पाण्याचा काटकसरीने वापर करणे आणि पातळीची घसरण थांबवणे, अशा निष्पत्ती दिसल्यावरच हा पैसा राज्यांना देण्याची अट त्यात घालण्यात आली.