तंबूच्या पावतीआधी चराईची पावती

वनखात्याच्या जागेत फिरायला किंवा मुक्कामाला पैसे लागणार म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "सरकारी जागा आहे ना, मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पण वनजमिनीवर पाऊल टाकायचे पैसे आपल्याकडं नवे नाहीत. आधी ते माणसाचे नव्हते, शेळ्या-मेंढ्यांचे होते, एवढाच फरक.

इंग्रजांनी 1864 मध्ये वनखातं काढलं आणि 1878 च्या कायद्यानं वनांची राखीव आणि संरक्षित अशी वाटणी केली. गावची गुरं ज्या माळावर पिढ्यानपिढ्या चरत होती, तिथं परवाना, चराईचं शुल्क, दंड आणि कोंडवाडा आला. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात वनखात्याच्या या जाचावरही कोरडे ओढले आहेत. 1930 मध्ये बिळाशी, चिरनेर, पुसद इथं जंगल सत्याग्रह झाले ते याच रागातून. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात रूपाभवानी मंदिराच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. शिंदी म्हणजे दारू आणि दारू म्हणजे सरकारचा महसूल. तिथून पेटलेलं प्रकरण गोळीबार आणि मार्शल लॉपर्यंत गेलं. झाड आणि सरकारी तिजोरी यांच्या नात्याकडं हे शहर आजही संशयानं पाहत असेल, तर त्याचं मला नवल वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1927 चा वन कायदा तसाच चालू राहिला. पाहुण्याच्या शुल्काचा विचार कायद्यात नीट आला तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. अभयारण्यात शिरायला परवाना हवा. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी तो मिळू शकतो आणि त्यासाठी ठरलेलं शुल्क भरावं लागतं. जागेच्या देखभालीसाठी वर्गणी असं त्याचं रूप नव्हतं. प्रवेशावर लगाम, हाच त्यामागचा मुख्य विचार. जमा झालेली रक्कम राज्याच्या तिजोरीत जायची आणि अंदाजपत्रकातून परत येईल तेवढीच जागेला मिळायची. म्हणजे तुम्ही दारात फाडलेल्या पावतीचा आतल्या संडासाच्या मोडक्या कडीशी काहीच संबंध नसायचा.

सोलापूरचा पेच त्याहून वेगळा. 1979 मध्ये माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, ते सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात मिळून जवळपास 8,500 चौरस किलोमीटरचं. एवढ्या पसाऱ्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. त्याला फाटक कुठं लावणार आणि तिकीट कुणाला फाडणार? बऱ्याच वर्षांनी क्षेत्र कमी करून ते सुमारे 1,220 चौरस किलोमीटरवर आणलं. बार्शी रस्त्यावरचं नान्नज हे त्याचं ओळखीचं दार. ते पाहायला गेलेल्या माणसाला गर्द झाडी दिसत नाही. दिसतो तो गवताचा माळ, आणि नशीब असेल तर काळवीट.

मधल्या काळात धोरण बदलत होतं. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनं लोकसहभागाची भाषा आणली, 1990 पासून संयुक्त वनव्यवस्थापन सुरू झालं आणि गावच्या समितीनं दारावर बसून पैसे घ्यायचे, त्यातून झाडलोट आणि राखण करायची, ही पद्धत हळूहळू रुळली. व्याघ्र प्रकल्पांना तर 2006 च्या दुरुस्तीनं वेगळं प्रतिष्ठान मिळालं. प्रवेशशुल्क तिथंच फिरवून वापरता यावं, असं कायद्यातच लिहिलं गेलं. सोलापूरला व्याघ्र प्रकल्प नाही. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ अलीकडं येडशी-बार्शीकडं चालत आला, पण प्रतिष्ठान काही त्याच्यासोबत आलं नाही.

तंबूच्या शुल्कावर बरीच भांडणं झाली, असा एक देश म्हणजे अमेरिका. मोटारी घेऊन लोक जंगलात मुक्कामाला यायला लागले, तेव्हा मायनेकी नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की चाकांनी आणि पायांनी माती दडपून झाडांची मुळं गुदमरताहेत. 1930 च्या दशकात त्याच्या आराखड्यावर मुक्कामाचे आखीव तळ उभे राहिले: वळणाचा एकेरी रस्ता, गाडीला ठरलेली जागा, चुलीला ठरलेली जागा. आखीव तळ म्हटला की देखभाल आली आणि देखभाल म्हटली की पैसा. 1965 च्या कायद्यानं शुल्काला सर्वसाधारण आधार दिला. 1996 मध्ये प्रयोग म्हणून किमान 80 टक्के रक्कम त्याच जागी ठेवायला सुरुवात झाली. 2004 च्या कायद्यात एक अट मला फार आवडते. तंबूची जागा, टेबल, पिण्याचं पाणी, रस्ता, संडास, कचऱ्याचं पिंप, आग आवरायची साधी सोय, राखण आणि पैसे घ्यायला माणूस, अशा नऊ गोष्टींपैकी निम्म्याहून जास्त असतील तरच आखीव तळावर मुक्कामाचे पैसे घ्यायचे. नुसतं चालत जाणाऱ्याकडून पैसे घेणं या कायद्यात बसत नाही, असा निकाल 2012 मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयानं दिला. तो ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या माउंट लेमन या डोंगराच्या प्रकरणातला. आपल्याकडं रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचं म्हणणं याहून वेगळं नसतं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानानं अशांसाठी पासची वाट काढली.

आता माळावर या. मागच्या थंडीत शहराबाहेरच्या एका वनजमिनीवर तीन दगडांची चूल पाहिली. आत अर्धवट जळलेली बाभळीची फांदी, शेजारी शेंगा चटणीची रिकामी पिशवी आणि कडक भाकरीचे तुकडे, त्यांना मुंग्या लागलेल्या. चुलीपासून हातभर अंतरावर कुसळी गवत, वाळून काडीसारखं झालेलं. वाऱ्यानं एक ठिणगी तिकडं नेली असती तर सगळा माळ पेटला असता. इथं आग आवरायची सोय म्हणजे काँक्रीटचं कडं, पाण्याचा पिंप आणि रात्रभर जागणारा एक माणूस. त्या माणसाची रोजंदारी कुठून तरी यायला हवी. मला शुल्क मान्य आहे ते या रोजंदारीपुरतं. कमान, कारंजं आणि सेल्फी पॉइंटसाठी नाही.

आणि पैशानं सुटणार नाही अशीही एक अडचण आहे. माळढोक उघड्या जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच, तेही पावसाळ्याच्या सुमारास. टिटवी, चंडोल यांची घरटीही जमिनीवरच. आणि सोलापूरकर माळावर जायचा बेत आखतो तोही पहिल्या पावसानंतरच, हिरवळ दिसली की.