परदेशात जाताय? मोबाईलचं काम कोल्हापुरातच उरकून घ्या

शेजारच्या काकू दुबईला लेकीकडं निघालेल्या. भडंग झालं, कांदा-लसूण चटणी झाली, जावयाला चपला झाल्या, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी आठवलं की फोनचं बघायचं राहिलंय. त्यांच्या फोनात सिमची जागा एकच, दुसरं ई-सिम (कार्ड न घालता फोनातच चालू होणारं सिम) चालतं, म्हणून म्हटलं इकडचा नंबर ई-सिम करून टाकू आणि मोकळ्या जागेत तिकडचं सिम घालू. राजारामपुरीतल्या एका स्टोअरमध्ये गेलो तर काउंटरवरचं पोरगं म्हणतंय, "ज्यांच्या नावावर सिम हाय त्यांना घिऊन या." काकू म्हणाल्या, "त्यांना आता कुठनं आणू बाबा?" सिम वारलेल्या काकांच्या नावावर, चार वर्षं झाली तरी तसंच.

तर पहिलं काम हे. सिम कुणाच्या नावावर आहे ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा. दुसऱ्याच्या नावावर असलं तर नाव बदलून घ्या. माणूस हयात असला तर दोघंही आधार घेऊन स्टोअरला जायचं. वारलेला असला तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि नंबर ज्याच्या नावावर करायचाय त्याचं आधार लागतं, काही ठिकाणी बाकीच्या वारसांची ना-हरकतही मागतात. हे एका चकरेत होईल असं धरू नका, पंधरा दिवस हातात ठेवा.

नुसतं रोमिंग, म्हणजे इकडचंच सिम तिकडं चालवायचं असेल तर एवढा घोळ नाही. प्रीपेडवाल्यांनी ॲपमध्ये इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारायचा, पण पॅकच्या यादीत तुमचा देश आहे का ते आधी बघायचं, आणि इथला साधा रिचार्ज परत येईपर्यंत संपत नाही ना तेही, कारण तो संपला की पॅक असून उपयोग नाही. पोस्टपेडवाल्यांना सुविधा चालू करून घ्यावी लागते, कनेक्शन नवीन असलं तर डिपॉझिटही मागू शकतात. पॅक न घेता नेट चालू ठेवलं तर बिल बघून डोळे पांढरे होतात, त्यामुळं पॅक नसला तर डेटा रोमिंग बंदच ठेवा.

तिकडचं सिम घ्यायचं असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जवळ ठेवा. फोन एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेला नसावा. ई-सिम चालतं का ते बघायला *#०६# डायल करा, ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर चालतं.

एक मात्र करू नका, इकडचं सिम घरी कपाटात ठेवून जाऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात, आणि रोमिंगमध्ये येणारे एसएमएस आपल्या मोठ्या कंपन्यांकडं बहुतेक फुकटच असतात, फक्त रोमिंग चालू पाहिजे. फोनही तिथं जाऊन बदलू नका, युपीआय परत जोडायला याच सिमवरनं एसएमएस जावा लागतो.

उतरल्यावर फ्लाइट मोड काढा, नेटवर्क आलं नाही तर सेटिंगमध्ये जाऊन ऑपरेटर हातानं निवडा. घरच्यांचे नंबर आधीच +९१ लावून सेव्ह करा. दुबईवाल्यांनो, तिथं व्हॉट्सॲपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही, तेव्हा "आई फोनच उचलत नाही" म्हणून इकडं कुणी घाबरू नका.

काकू शेवटी जुनं सिम तसंच फोनात ठेवून, रोमिंगचा पॅक मारून गेल्या. तिकडचं सिम लेकीच्या जुन्या फोनात घातलंय. आता दोन फोन घेऊन फिरतात आणि नाव बदलायचा फॉर्म परत आल्यावर भरणार म्हणतात.