नॉर्मल आणि स्पोर्टच्या मधलं काही: सस्पेन्शन कंट्रोलर बदलण्यामागची पार्श्वभूमी

पुणे-कोल्हापूर महामार्गावर रविवारी सकाळी स्पोर्ट्स कार दिसली तर आता कुणी थांबून बघत नाही. खंबाटकी ओलांडायचा, वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची, नाहीतर साताऱ्यातून यवतेश्वरमार्गे कासकडे वळायचं, हा ठरलेला बेत. यातल्या बऱ्याच गाड्यांत गिअरजवळ शॉकअपचं चित्र असलेलं एक बटण असतं. दाबलं की गाडी कडक, पुन्हा दाबलं की नरम. मालकांची तक्रारही ठरलेली: नरम ठेवली तर वळणात डुलते, कडक केली तर खड्ड्यात दात वाजतात. त्यावरचा एक उपाय गेल्या दहाएक वर्षांत रुळला आहे. गाडीतला मूळ सस्पेन्शन कंट्रोलर, म्हणजे शॉकअप किती कडक ठेवायचा ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, काढायचा आणि त्याच सॉकेटला दुसऱ्या उत्पादकाचा डबा जोडायचा. शॉकअप तेच, स्प्रिंगा त्याच, डब्यातला हिशेब तेवढा नवा.

लोखंडाला हात न लावता गाडीचा स्वभाव बदलतो, हे जुन्या मिस्त्रींना पटत नाही. त्यांचं चूक म्हणता येणार नाही, कारण शंभराहून अधिक वर्षं हा स्वभाव लोखंडातच ठरत होता.

मिरजेच्या टांग्याखाली जी पाट्यांची कमान असायची, तिचा वंश १८०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ओबादाया एलियटने काढलेल्या लंबगोल स्प्रिंगपर्यंत जातो. एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच धक्का बराचसा जिरतो. म्हणून टांग्याला शॉकअप लागला नाही. अॅम्बॅसडरची मागची बाजू किंवा एसटीची जुनी गाडी यांचं बरंच काम या पाट्यांनीच निभावलं. मोटारी वेगाने धावू लागल्या तसं घर्षण पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या घासणारे शॉकअप आले, मग तेलाचे. गुंडाळीची स्प्रिंग आली तेव्हा तर शॉकअप अटळच झाला, कारण तिला स्वतःचं घर्षण जवळपास नसतं. एकदा दाबली की ती नाचत राहते.

वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, शॉकअपचं नाही. शॉकअप फक्त हालचाल जिरवतो: आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. अडचण अशी की गाडीत दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी चालू असतात. गाडीचं धड सेकंदाला साधारण एक-दोनदा झुलतं, तर चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळू शकतं. धड आवरायला कडक शॉकअप हवा. चाकाला रस्त्याला चिकटून धावू द्यायला नरम हवा. छिद्रं मात्र एकदाच पाडायची असतात.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत या दोन्ही हालचाली एकाच सकाळी भेटतात. सांगलीकडे वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात रस्त्याखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लांब लाटांसारखं होतं. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. लाट पंधरा मीटर लांब असेल तर गाडीला सेकंदाला दीड हेलकावा बसतो, म्हणजे बरोबर धडाच्या स्वतःच्या झुलण्याच्या तालात. मऊ गाडी तिथे नावेसारखी तरंगायला लागते. साताऱ्याच्या घाटात, पावसाळ्यानंतर, उलटा प्रकार: तीव्र काठाचे खड्डे, त्यात वळण, त्यात ब्रेक. उसाच्या हंगामात जोड ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वेगळ्याच. असा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून जर्मनीत किंवा जपानमध्ये कुणी छिद्रं पाडली असतील, अशी अपेक्षाही करू नये.

छिद्र गाडीत बसूनच बदलता यावं, ही इच्छा जुनी आहे. १९६३ च्या अॅस्टन मार्टिन डीबी५ मध्ये आर्मस्ट्राँगचे ‘सिलेक्टाराइड’ मागचे शॉकअप होते, ते चालकाला बसल्या जागी कडक-नरम करता येत. त्याआधी १९५५ साली सिट्रोएनने डीएस ही गाडी आणून स्प्रिंगच काढून टाकली. पॉल माजेसने तिच्या जागी दाबाखालचा वायू आणि तेल आणलं आणि गाडी स्वतःची उंची स्वतः राखू लागली. यात इलेक्ट्रॉनिक काहीच नव्हतं, पण सस्पेन्शन ही चालू गाडीत बदलती ठेवण्याची गोष्ट आहे, हे तिने दाखवलं.

खरा उलटफेर मात्र कागदावर झाला. १९७४ मध्ये डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या कल्पनेला पुढे ‘स्कायहूक’ म्हणून ओळखलं गेलं. गाडीचं धड आकाशातल्या एका स्थिर खुंटीला शॉकअपने बांधलं असतं तर रस्त्याचा धक्का त्याला लागलाच नसता. अशी खुंटी नाही, पण तिचा परिणाम बराचसा साधता येतो. धड वर जात असेल आणि शॉकअप ताणला जात असेल, तर तो कडक करायचा, कारण त्या क्षणी तो धडाला खाली ओढतो. धड वर जात असेल पण चाक त्याहून वेगाने वर येत असेल, म्हणजे शॉकअप दाबला जात असेल, तर तो नरम करायचा, नाहीतर तोच धडाला आणखी वर ढकलेल. बाहेरून शक्ती घालायची गरज नाही, फक्त शॉकअपमधल्या तेलाची वाट मोठी-लहान करणारी झडप योग्य क्षणी उघडायची आणि मिटायची. आजच्या बहुतेक सेमी-अॅक्टिव्ह, म्हणजे असा फक्त झडपेवर काम करणाऱ्या, कंट्रोलरच्या पोटात याच नियमाची कुठली तरी आवृत्ती बसलेली असते. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

कागदावरचं रस्त्यावर यायला नऊ वर्षं लागली, आणि तेही अर्धंमुर्धं. १९८३ मध्ये टोयोटाने सोअरर गाडीत टेम्स ही प्रणाली दिली. छोटी मोटर शॉकअपमधला दांडा फिरवून छिद्राचा आकार ठरावीक पायऱ्यांत बदलायची. वळण, ब्रेक, वेग पाहून पायरी बदलणं तिला जमायचं, पण प्रत्येक उसळीचा पाठलाग करण्याइतकी ती चपळ नव्हती. १९८६ च्या पोर्श ९५९ मध्ये शॉकअपचा कडकपणा आणि गाडीची उंची दोन्ही इलेक्ट्रॉनिक झाली, पण ती गाडी मोजक्यांच्याच नशिबी होती.

दुसरीकडे फॉर्म्युला वनमध्ये अर्ध्यावर थांबायची तयारी नव्हती. लोटसने १९८३ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये ‘९२’ ही गाडी पूर्ण अॅक्टिव्ह सस्पेन्शनसह उतरवली, आणि ती चालवली नायजेल मॅन्सेलने. इथे झडप नव्हे, हायड्रॉलिक पंपाच्या जोरावर चाकच वर-खाली केलं जायचं. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने लोटस ९९टीवर मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं. १९९२ मध्ये त्याच मॅन्सेलने विल्यम्स एफडब्ल्यू१४बीवर सोळापैकी नऊ शर्यती जिंकून विजेतेपद घेतलं. १९९४ च्या हंगामापासून नियमांनी हे तंत्र बंद केलं. रस्त्यावरच्या गाड्यांना ते तसंही परवडणारं नव्हतं: पंप इंजिनाची ताकद खातो, वजन वाढतं. जाता जाता, बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीने २००४ मध्ये विद्युतचुंबकीय सस्पेन्शनची एक गाडी दाखवली होती, ती अडथळ्यावरून चक्क उडी मारायची. आपल्याकडच्या गावागावातले गतिरोधक पाहता तिचं इथे सोनं झालं असतं, पण ती विक्रीला आलीच नाही.

मग सेमी-अॅक्टिव्ह शॉकअप सर्वसाधारण स्पोर्ट्स कारमध्ये आला कसा? झडपा सुधारल्या हे खरं, पण त्याहून मोठं कारण सेन्सरचं आहे, आणि त्यांचा खर्च सस्पेन्शनने केलेला नाही. १९७८ मध्ये बॉशचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं आणि चाकांचा वेग मोजला जाऊ लागला. १९९५ मध्ये मर्सिडीजमध्येच गाडी घसरू लागली की सावरणारं ईएसपी आलं, त्याबरोबर स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचा आडवा ओढा मोजणारे सेन्सर आले. १९८६ मध्ये बॉशने मांडलेल्या ‘कॅन’ या जोडणीमुळे ही सगळी माहिती दोन तारांवरून गाडीतल्या कुठल्याही डब्याला ऐकता येऊ लागली. सुरक्षिततेच्या नावाखाली गाडीत जमलेलं हे भांडवल सस्पेन्शनला आयतं मिळालं. धडाची उभी हालचाल मोजणारे दोन-तीन सेन्सर जोडले की झालं.

त्यानंतर गाड्यांची रांग लागली. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये मॅग्नेराइड आलं. त्यात झडपच नाही: तेलात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्र दिलं की तेल क्षणात घट्ट होतं. असल्या तेलावर अमेरिकेत जेकब रॅबिनोने १९४० च्या दशकाअखेरीस काम केलं होतं, म्हणजे कल्पनेला गाडीपर्यंत पोचायला अर्धं शतक लागलं. पुढे कॉर्व्हेट, फेरारी ५९९ आणि ऑडी आर८ याच वाटेने गेल्या. पोर्शने २००४ च्या ९९७ पिढीतल्या ९११ ला ‘पासम’ दिलं, नॉर्मल आणि स्पोर्ट अशा दोन अवस्थांचं. २००६ मध्ये ते ९११ जीटी३ मध्येही आलं. २००७ च्या निसान जीटी-आरला बिलस्टीनचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप आणि तीन अवस्थांची कळ मिळाली.

सुरुवातीच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. झडप सतत बदलू शकते, सेन्सर शेकड्याने आकडे पाठवतात, पण कारखान्याला एकच हिशेब हजारो गिऱ्हाइकांसाठी लिहावा लागतो. त्यात वॉरंटी आहे, टायरचे वेगवेगळे ब्रँड आहेत, पाठीमागे बसलेली आई आहे. म्हणून ‘स्पोर्ट’चा अर्थ पुष्कळदा पायाभूत कडकपणाच वर नेणं असा होतो. गाडी सरळ जात असतानाही कडक, वळणातही कडक. शॉकअपची कुवत मधल्या सगळ्या छटांची होती, तिला बोलावणारं कोणी नव्हतं.

इंजिनाच्या बाबतीत हा टप्पा १९८० च्या दशकातच आला होता: चिप बदलून इंधन आणि ठिणगीची कोष्टकं बदलणं. सस्पेन्शनचा क्रम लागला तो २०१० नंतर. अमेरिकेतल्या डीएससी स्पोर्टने मूळ डब्याच्या जागी बसणारे कंट्रोलर आणले. नेदरलँड्सच्या ट्रॅक्टिव्हने वेगवान झडपांचे स्वतःचे शॉकअप बनवले, तेही अशाच कंट्रोलरवर चालतात. अशा डब्याला लॅपटॉप जोडला की कोष्टकं उघडतात: आडव्या ओढ्याप्रमाणे शॉकअपच्या झडपेला किती करंट द्यायचा, ब्रेकच्या दाबाप्रमाणे किती, वेगाप्रमाणे किती, आणि तेही प्रत्येक चाकाला वेगळं. उदाहरणार्थ, सरळ रस्त्यावर चारही नरम ठेवायचे, वळणात आडवा ओढा वाढेल तसे फक्त बाहेरच्या बाजूचे चढवायचे, ब्रेक दाबला की पुढचे आधी आवळायचे म्हणजे नाक खुपसत नाही. काळ्या मातीच्या लाटेवर नॉर्मलमधली गाडी तरंगते आणि स्पोर्टमधली प्रत्येक सांध्यावर ठोके देते. मधलं जे हवं असतं, ते लिहायला आता जागा आहे.

ट्रॅकची भाषा निराळी. तिथे आराम मोजायचा नसतो, टायरवरचा भार किती सपाट राहतो तेवढं पाहायचं. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढताना मऊ, बाहेर पडताना मागचं टायर दाबून धरणारं, असा हिशेब लागतो. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागतं: कोइम्बतूर आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई हे दोन्ही ट्रॅक हजार किलोमीटरच्या आसपास, आणि २०११ साली सुरू झालेला बुद्ध सर्किट तर ग्रेटर नोएडात. म्हणजे ट्रॅकचं कोष्टक वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा लागणार आणि रोजचं काम रस्त्याच्या कोष्टकावरच चालणार. विकत घेणाऱ्यांची भूल मात्र नेमकी उलट असते. बोलणं सगळं लॅपटाइमचं, आणि गाडी फिरते तासगाव-विट्याला.

कंट्रोलर काय करू शकत नाही, हेही या इतिहासातूनच कळतं. स्प्रिंग आणि वळणात गाडीचा कल आवरणारा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, तो बदलत नाही. मंद झडपेला तो वेगवान करत नाही. बऱ्याच कारखानी शॉकअपमध्ये एकच झडप दाब आणि ताण दोन्ही सांभाळते, तिथे एक कडक केलं की दुसरंही होतंच. गळका शॉकअप तर कुठल्याच कोष्टकाने बरा होत नाही, आणि जुन्या ९९७ विकत घेणाऱ्यांनी आधी तो तपासावा, मग लॅपटॉप काढावा. करंट गेला तर झडप कडक बाजूला स्थिरावते की मऊ, हे प्रत्येक रचनेत वेगळं असतं. घाट उतरायच्या आधी ते माहीत असलेलं बरं.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे लागू केलं. नोंदणीपुस्तकात शॉकअपच्या कोष्टकांचा रकाना नसतो, पण विमा कंपनी आणि वॉरंटी देणारा हे दोघं डबा बदललेला पाहून काय म्हणतील तो प्रश्न उरतोच. म्हणून मूळ कंट्रोलर विकून न टाकता पेटीत घालून ठेवायची पद्धत आहे.

बाकी राहतं ते कोष्टक भरणं. नवा डबा येताना त्यात उत्पादकाचं तयार कोष्टक असतं, आणि त्याला उसाच्या ट्रॉलीच्या चाकोऱ्या ठाऊक नसतात. त्यामुळे इथल्या मालकाला नोंदी चालू ठेवून, रोजच्या वेगात, रोजच्याच रस्त्यावर एका वेळी एकच रकाना बदलत जावं लागतं: आधी सरळ रस्त्यावरचा पायाभूत करंट, मग ब्रेकचा, आणि आडव्या ओढ्याचा सगळ्यात शेवटी.