रक्तातील जैवचिन्हके

रक्तात मोजता येणाऱ्या आणि शरीरातील एखाद्या प्रक्रियेची, रोगाची अथवा उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादाची खूण ठरणाऱ्या पदार्थांना रक्तातील जैवचिन्हके किंवा बायोमार्कर म्हणतात. प्रथिने, एंझाइमे, हॉर्मोने, चयापचयातील लहान रेणू आणि पेशींबाहेर आढळणारे डीएनएचे तुकडे यांचा त्यांत समावेश होतो. रक्तशर्करा, क्रिॲटिनीन, कोलेस्टेरॉल या नित्याच्या तपासण्याही याच वर्गातील होत. त्यांचे विवेचन येथे केलेले नाही.

इतिहास : पहिले जैवचिन्हक कोणते याविषयी एकमत नाही. हेन्री बेन्स जोन्स या इंग्रज वैद्यांनी १८४७-४८ च्या सुमारास वर्णिलेले प्रथिन अनेक ग्रंथांत पहिले अर्बुदचिन्हक (कर्करोगाच्या गाठीची खूण) म्हणून नोंदलेले आढळते. रुग्णाच्या मूत्रात नायट्रिक अम्ल घातल्यावर बसणारा साका तापवताच विरघळे व थंड होताच पुन्हा जमे. मूत्राचे उष्णतेखालील हे चमत्कारिक वर्तन आधी विल्यम मॅकिन्टायर या वैद्यांच्या ध्यानात आले होते. श्रेय मात्र बेन्स जोन्स यांच्या नावावर राहिले. अर्थात हे प्रथिन मूत्रातील आहे. दुसरा पक्ष रक्तपेशींच्या अवसादन गतीला, म्हणजे नळीतील रक्तात तांबड्या पेशी तळाशी बसण्याच्या वेगाला (बियेर्नाकी, १८९७, फोरेउस, १९१८) अग्रमान देतो, परंतु तो रक्ताचा गुणधर्म आहे, पदार्थ नव्हे. रक्तातील यूरियासारख्या घटकांचे मापन जुनेच असले, तरी रोगात झपाट्याने वाढणारे व बरे होताच ओसरणारे प्रथिन या अर्थाने १९३० मध्ये टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात आढळलेल्या सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाला प्राधान्य देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढे १९५४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात एसजीओटी हे एंझाइम वाढते असे दिसून आले. बर्सन व यॅलो यांच्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापनामुळे (प्रतिपिंड व किरणोत्सर्गी खूण वापरून केलेल्या मापनामुळे) अत्यल्प प्रमाणातील हॉर्मोने मोजता येऊ लागली. अर्बुदचिन्हकांपैकी अल्फा-फीटोप्रोटीन (१९६३) व सीईए (१९६५) ही याच सुमाराची.

ट्रोपोनिन : हृद्स्नायूला इजा झाली की त्यातील ट्रोपोनिन आय व टी ही प्रथिने काही तासांत रक्तात उतरतात आणि कित्येक दिवस तेथे राहतात. २००० च्या सुमारास हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच त्यांच्याभोवती नव्याने बांधली गेली. निरोगी लोकसमूहाचे ९९ वे शततमक (१०० पैकी ९९ निरोगी जणांची पातळी जिच्या आत असते ती) ही मर्यादा मानतात आणि त्या पातळीला मापनाचा चलनगुणांक (तोच नमुना पुन्हा मोजल्यास येणारी तफावत) १० टक्क्यांहून अधिक नसावा अशी अपेक्षा असते. उच्चसंवेदनशील चाचण्यांत स्त्री-पुरुषांच्या मर्यादा निराळ्या ठेवतात. एका आकड्यावर निदान होत नाही. काही तासांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांतील चढउतार पाहावा लागतो. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात पातळी बहुधा स्थिरपणे वाढलेली असते, तर जंतुदोषात किंवा दीर्घ पल्ल्याच्या धावण्यानंतरही ती चढू शकते.

निदान व भाकीत : अमेरिकेतील २०१६ च्या अधिकृत परिभाषेत जैवचिन्हकांचे सात प्रकार केले आहेत. निदान, रोगाची वाटचाल आणि विशिष्ट उपचाराचा उपयोग यांसाठी तेथे स्वतंत्र प्रकार आहेत. व्यवहारात त्यांची वारंवार गल्लत होते. चाचणीचा अर्थ ती कोणावर केली यावरही ठरतो. समजा, १,००० जणांत १० रोगी आहेत आणि चाचणी ९० टक्के रोग्यांना ओळखते व ९५ टक्के निरोग्यांना बरोबर वगळते. अशा वेळी ९ रोगी सापडतील, पण सुमारे ५० निरोगीही होकारार्थी ठरतील. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगासाठी करावयाच्या पीएसए चाचणीवरील वादाच्या मुळाशी हेच गणित आणि त्यातून उद्भवणारे अनावश्यक उपचार आहेत. अंडाशयाच्या कर्करोगासाठी वापरले जाणारे सीए-१२५ हे चिन्हक गर्भारपणात, पाळीत व एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या विकारातही) वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीतून २०२१ मध्ये असे दिसले की, सीए-१२५ च्या चाळणीने (लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट तपासणीने) अंडाशयाच्या कर्करोगातील मृत्यू कमी होत नाहीत.

एचबीए१सी, म्हणजे शर्करा चिकटलेल्या हीमोग्लोबिनचे प्रमाण (मधुमेहनिदानाची मर्यादा ६·५ टक्के), तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर अवलंबून असल्याने रक्तक्षयात व हीमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांत फसवे ठरू शकते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही प्रतिरक्षामापने चुकतात.

अलीकडील चिन्हके : मातेच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवरून (१९९७) गुणसूत्रदोषांची चाळणी होते. अल्झायमर रोगात पी-टाऊ२१७ व बीटा-ॲमिलॉइड या मेंदूतील बदलांशी निगडित प्रथिनांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ती लक्षणे असलेल्या ५५ वर्षे व त्यांवरील रुग्णांपुरती आहे.