मोटरहोम व व्यावसायिक वाहनांसाठी इंधन आणि द्रवांची निवड

ट्रक, बस, मालवाहू व्हॅन आणि मोटरहोम या वाहनांच्या टाक्यांत, इंजिनात व नळ्यांत जे जे भरले जाते, ते वाहनाची बनावट आणि त्याचा वापर पाहून ठरवण्याची पद्धत. इंधन, धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल हे तिचे मुख्य विषय. मोटरहोम म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी. तिच्यात पाण्याच्या टाक्या आणि शेगडीचा गॅस यांची भर पडते.

बहुतेक मोटरहोम व्हॅनच्या किंवा हलक्या ट्रकच्या चासीवरच बांधलेली असतात. त्यामुळे इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच आणि पुस्तिकेत छापलेले ग्रेडही तेच. जगणे मात्र वेगळे. ट्रक रोज पळतो आणि त्यातली तेले किलोमीटरवर खराब होतात. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभे असते आणि त्यातले द्रव तारखेवर खराब होतात. पुस्तिकेत ‘अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, जे आधी येईल ते’ असे लिहिलेले असते. ट्रकवाल्याला त्यातला पहिला भाग लागू पडतो, मोटरहोमवाल्याला दुसरा, आणि नेमका तोच वाचायचा राहतो.

इंधन

या वर्गातली बहुतेक वाहने डिझेलवर चालतात. डिझेलची प्रत ठरवताना सीटेन अंक, गंधकाचे प्रमाण, वंगणक्षमता आणि थंडीतले वागणे या गोष्टी पाहतात. युरोपातील ईएन ५९० मानकानुसार सीटेन अंक किमान ५१ आणि गंधक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असावे लागते. अमेरिकेतील एएसटीएम डी९७५ मानकात किमान सीटेन ४० आणि अतिअल्प गंधकाच्या डिझेलसाठी मर्यादा दहा लाख भागांत १५ आहे. सीटेन जितका जास्त, तितके डिझेल फवारल्यावर लवकर पेट घेते. थंड इंजिन सुरू होताना आणि त्याच्या ठोक्याच्या आवाजात हा फरक जाणवतो.

गंधक कमी करण्यामागचे मुख्य कारण सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली यंत्रणा हे आहे. गंधकाची संयुगे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करतात. म्हणून काजळीचा फिल्टर आणि युरियाची यंत्रणा असलेल्या गाडीत जास्त गंधकाचे डिझेल टाकू नये. जुन्या, साध्या इंजिनांना ते चालून जाते. देशोदेशी फिरणाऱ्या मोटरहोमला हा प्रश्न खरा भेडसावतो, कारण काही देशांत अजूनही जास्त गंधकाचे डिझेल विकले जाते. मार्ग आखतानाच त्याची चौकशी केलेली बरी.

गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमताही जाते, म्हणून त्यात वंगणाचे घटक वेगळे मिसळावे लागतात. जुन्या इनलाइन पंपांच्या कॅमला बहुधा इंजिन ऑइलचे वंगण मिळत असे. आताच्या कॉमन रेल पंपाला (तो एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवतो) डिझेल हेच वंगण, आणि दाब २,००० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त. अशा पंपात पेट्रोल किंवा रॉकेल गेले की धातूवर धातू घासतो, त्याचा बारीक चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचतो आणि मग टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळेच बदलण्याची वेळ येते. चुकून पेट्रोल भरले गेले तर गाडी सुरू करू नये. किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत किल्ली फिरवताच टाकीतला पंप चालू होतो. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून पंपांवर आणि नव्या गाड्यांच्या झाकणाजवळ सारखीच चिन्हे लावतात: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन, वायुरूप इंधनाला तिरका चौकोन. परक्या भाषेच्या मुलखात ती फार उपयोगी पडतात.

थंडीत डिझेलमधले मेण गोठू लागते. आधी डिझेल धूसर दिसते, मग मेणाचे कण इंधनाचा फिल्टर बुजवतात आणि गाडी चढावर दम तोडते. ईएन ५९० मध्ये समशीतोष्ण हवामानासाठी फिल्टर बुजण्याच्या तापमानानुसार +५ ते उणे २० अंश सेल्सिअसपर्यंतचे वर्ग आहेत, आणि अतिथंड प्रदेशांसाठी त्याहून खालचे. उबदार प्रदेशात टाकी गच्च भरून बर्फाळ डोंगरावर मुक्कामाला जाणे ही मोटरहोमवाल्यांची नेहमीची फसगत. तिथे टाकी बरीच रिकामी ठेवून पोहोचावे आणि तिथलेच हिवाळी डिझेल भरावे. गोठणरोधक मिश्रण टाकायचे तर मेण दिसण्याआधी. एकदा मेण धरले की त्याचा उपयोग होत नाही.

जैवडिझेलचे प्रमाण किती चालेल हे इंजिननिर्माता सांगतो. ईएन ५९० मध्ये ७ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. जैवडिझेल पाणी ओढते आणि साठवणीत लवकर खराब होते. शिवाय जुन्या टाकीतला गाळ सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर पुन्हा पुन्हा बुजतात. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेले डिझेल ही निराळी वस्तू आहे. ईएन १५९४० मानकातल्या त्याच्या उच्च सीटेन वर्गाला किमान ७० सीटेन लागतो, ते साठवणीत टिकते, पण हलके असल्याने तेवढ्याच कामाला लिटर थोडे जास्त लागतात. निर्मात्याची परवानगी असेल तर बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ते उत्तम म्हणावे लागेल.

युरियाचे द्रावण

डीईएफ किंवा अॅडब्लू या नावांनी मिळणारे हे द्रावण शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया मिसळून केलेले असते. त्याचे मानक आयएसओ २२२४१. ते इंधन नाही आणि इंजिनातही जात नाही. गरम धुरात फवारले की त्यातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी होते. ३२.५ हा आकडा निवडण्याचे कारण असे की याच प्रमाणात द्रावण सर्वात कमी तापमानाला, उणे ११ अंशांना गोठते आणि गोठताना त्याचे प्रमाण बिघडत नाही. थंड प्रदेशात टाकीला हीटर असतो. गोठून वितळलेले द्रावण खुशाल वापरता येते.

खप साधारणपणे डिझेलच्या ३ ते ६ टक्के. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून काम भागवण्याचा मोह महागात पडतो, कारण त्यातल्या बाययुरेट या अशुद्ध घटकाने आणि धातूंच्या अंशांनी नोझल व उत्प्रेरक दोन्ही खराब होतात. टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे धरलेले दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. सांडलेल्या थेंबातले पाणी उडून युरिया उरलेला असतो. स्वच्छ पाण्याने तो निघून जातो. ऑइल ओतलेले नरसाळे मात्र इथे चालत नाही. उलट चूक, म्हणजे डिझेलच्या टाकीत युरिया, त्याहून वाईट: खडे धरतात, गंज चढतो आणि इंजेक्शनची सगळी यंत्रणा धोक्यात येते.

उष्णतेने हे द्रावण विघटते. मानकातील मार्गदर्शनानुसार १० अंशांपर्यंत ते ३६ महिने, २५ अंशांपर्यंत १८ महिने, ३५ अंशांपर्यंत ६ महिने टिकते. मालवाहू गाडीत ते इतके दिवस राहतच नाही. उन्हात उभ्या मोटरहोममध्ये राहते, म्हणून तिथे टाकी गच्च भरून ठेवण्यात शहाणपणा नाही.

इंजिन ऑइल

ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात: दाटपणा आणि दर्जा. १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० हा दाटपणा. डब्ल्यूपुढे जितका लहान आकडा, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. दर्जा वेगळ्या खुणेने दाखवतात. अमेरिकेच्या एपीआय पद्धतीत जड डिझेल इंजिनांसाठी सीआय-४, सीजे-४, सीके-४ असे वर्ग आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सीके-४ सोबत एफए-४ हा पातळ वर्गही आला. सीके-४ जुन्या इंजिनांना चालते. एफए-४ सरसकट चालत नाही, तरी ‘नवे म्हणजे चांगले’ या समजुतीने ते जुन्या गाडीत ओतले जाते. युरोपच्या एसीईए पद्धतीत ई मालिका आहे. २०२२ मध्ये ई६ च्या जागी ई८ आणि ई९ च्या जागी ई११ आले. या दोन्हींवर इंजिननिर्मात्याची स्वतःची मंजुरी असते, आणि डब्यावर शोधायची ती हीच.

कळीचा मुद्दा राखेचा. ऑइलमधल्या धातुयुक्त घटकांची जळून राख होते आणि ती काजळीच्या फिल्टरमध्ये अडकते. काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून टाकता येते, राख जळत नाही, साचतच जाते. म्हणून फिल्टर असलेल्या गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. सीके-४ मध्ये ही मर्यादा १ टक्का आहे. पण कमी राख म्हणजे आम्ल मारण्याची ताकदही बहुधा कमी. जास्त गंधकाच्या डिझेलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनाला तीच ताकद हवी असते, त्यामुळे तिथे महागडे कमी-राखेचे ऑइल घालून फायदा होत नाही.

डिपस्टिकवर पातळी उतरलेली दिसली की सगळे सावध होतात. चढलेली दिसली तर कोणी लक्ष देत नाही. काडी पुसून, परत बुडवून पाहावी. रेषा वरच्या खुणेपलीकडे गेली असेल, थेंब बोटांवर पाण्यासारखा पळत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरले आहे. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने जास्तीचे डिझेल फवारतात. गाडी मध्येच बंद केली, लहान लहान फेऱ्या झाल्या, की त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली येते. जैवडिझेल सहजासहजी उडून जात नाही, म्हणून ते ऑइलमध्ये जास्त टिकून राहते. घरोघरी माल पोहोचवणाऱ्या व्हॅनमध्ये ही तक्रार नेहमीची.

कूलंट

एथिलीन ग्लायकॉल आणि खनिजविरहित पाणी निम्मे निम्मे घेतले तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ ग्लायकॉल भरणे आणखी चांगले असे वाटते. प्रत्यक्षात ते उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते. कूलंट कधीही रंगावरून निवडू नये. हिरवा, लाल, जांभळा या रंगांना कोणतेही सर्वमान्य मानक नाही, आणि सेंद्रिय आम्लांचे कूलंट जुन्या सिलिकेटच्या कूलंटमध्ये मिसळले की दोन्हींचे गंजरोधक गुण घटतात.

मोठ्या इंजिनांत लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला, बाहेरून थेट कूलंट लागते. ज्वलनाच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला सूक्ष्म बुडबुडे बनतात आणि फुटतात, आणि लोखंडात टाचणीएवढी छिद्रे पडतात. एखादे छिद्र आरपार गेले की कूलंट ऑइलमध्ये. यासाठी जड इंजिनांच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखे संरक्षक घटक असतात. एएसटीएम डी६२१० हे त्याचे मानक. कारचे कूलंट तिथे पुरत नाही. एथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी असते, त्यामुळे निचरा उघड्यावर ठेवू नये.

ब्रेक व गिअर

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. तिथे टाक्यांतले पाणी काढणे आणि हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचे काडतूस वेळेवर बदलणे एवढेच. व्हॅनवर बांधलेल्या मोटरहोममध्ये ब्रेक ऑइल असते, आणि ते हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर किमान १५५. वजनदार गाडी घाट उतरताना हा फरक जीवावर बेतू शकतो. सिलिकॉनचे डॉट ५ बाकीच्यांत मिसळत नाही, डॉट ५.१ मिसळते. गिअर ऑइलमध्ये जीएल-५ हा दर्जा डिफरन्शिअलसाठी. जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ते घातले तर पितळी सिंक्रोनायझर रिंगा झिजू शकतात.

उभी गाडी

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते आणि आतल्या हवेतली वाफ भिंतींवर जमते. पाणी तळाशी बसते. इंधनाच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढले तर तीन थर दिसू शकतात: वर डिझेल, खाली पाणी आणि मधोमध काळपट बुळबुळीत साय. ही साय म्हणजे जिवाणू आणि बुरशी. त्यांना पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवरच जगता येते. म्हणून डिझेलची टाकी भरून उभी करावी, म्हणजे युरियाच्या टाकीच्या अगदी उलट. जिवाणूनाशक टाकण्याआधी पाणी काढलेच पाहिजे.

थंडीत पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांचे रक्षण करायचे तर प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारित, त्याच कामासाठीचे मिश्रण वापरावे. इंजिनाचे कूलंट त्या नळ्यांत कधीही जाऊ नये. गॅस निवडतानाही थंडी पाहावी लागते. ब्युटेन सुमारे उणे ०.५ अंशाखाली वायुरूप होत नाही आणि शेगडी विझते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देते.

किती भरायचे हाही निवडीचाच भाग. अनेक मोटरहोम ३,५०० किलोच्या मर्यादेत नोंदलेली असतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, १०० लिटर डिझेल म्हणजे ८२ ते ८४ किलो. प्रवास सुरू करताना पाणी बेताचे घेतात, उरलेले मुक्कामी भरतात, आणि सांडपाण्याची टाकी निघण्याआधी रिकामी करतात.