खांब बोटीने आले, नमुना पुस्तकातून

मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या बागेतून बाहेर पडलं की समोर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. मोजून तीस. वर आठ धिप्पाड खांब आणि त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी माथा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी तिथे जोडप्यांची सतत वर्दळ असते. त्यातलं कुणी वर पाहून ‘हे इथे कसं आलं?’ असं विचारत नाही, कारण बँक, कोर्ट, ग्रंथालय म्हटलं की असे खांब असायचेच, हे आपल्या डोळ्यांना सवयीचं झालं आहे. ही सवय लागायला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली.

अथेन्सचं पार्थेनॉन हे मंदिर बांधलं गेलं इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात. त्याचे खांब डोरिक पद्धतीचे: खाली बैठक नाही, थेट चौथऱ्यावर उभे, अंगावर उभ्या खाचा आणि मधोमध अगदी जेमतेम कळेल असा फुगवटा. छताचा भार खरोखर त्यांच्यावर होता. हे डोरिक बांधकाम मुळात लाकडी होतं, अशी परंपरा रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो. खांबांवरच्या पट्टीत ठरावीक अंतराने जे खाचांचे ठोकळे दिसतात, ती म्हणे तुळयांची टोकं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. लाकडाची ओढ दगडातही सुटत नाही.

कार्ल्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. तिथल्या काही खांबांवर ब्राह्मी लेख आहेत आणि ते खांब धेनुकाकट या गावच्या यवनांचं, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांचं, दान असल्याचं त्यांत लिहिलं आहे. म्हणजे ‘यवन’ म्हणवणाऱ्यांचे पैसे लागले, पण खांब मात्र अस्सल इथला: पायाशी घट, वर घंटेसारखं शीर्ष, त्यावर हत्ती आणि हत्तीवर बसलेली माणसं. ग्रीक खांब आपल्याकडे आला तो या वाटेने नाही.

तो आला रोममार्गे, आणि रोमने त्याचं काम बदलून टाकलं होतं. रोमनांच्या हाती कमान होती, काँक्रीट होतं. इ. स. ८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या कलोसियमचा भार कमानी आणि भिंतीच पेलतात. बाहेरचे अर्धे खांब भिंतीला चिकटवलेले: खालच्या मजल्यावर डोरिकच्या घरातले, मध्ये गुंडाळ्यांच्या शीर्षाचे आयोनिक, वर पानांच्या शीर्षाचे कोरिंथियन. भार उचलणारा खांब इथे शोभेचा झाला. पुढच्या युरोपने जी नक्कल केली ती मुख्यतः या शोभेच्या खांबाची.

नक्कल करता आली याचं श्रेय विट्रुव्हियसच्या ग्रंथाला. प्राचीन काळातला वास्तुशास्त्रावरचा तेवढाच एक मोठा ग्रंथ टिकला. पंधराव्या शतकात इटलीतल्या विद्वानांनी तो नव्याने उघडला आणि मग छापलाही. १५७० मध्ये आंद्रेआ पॅलॅडिओ या इटालियन वास्तुकाराने स्वतःचा सचित्र ग्रंथ काढला. आता रोमला न जाताही रोमन खांब मापासकट काढता येऊ लागला.

आपल्या किनाऱ्यावर हे आधी उतरलं ते गोव्यात, पोर्तुगीजांबरोबर. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बॅसिलिका हे चर्च १५९४ ते १६०५ या काळात झालं. त्याच्या दर्शनी भिंतीजवळ उभं राहून पाहावं: तांबूस जांभा आणि त्यावर मजल्यामजल्याने चढवलेलं काळ्या दगडाचं खांबकाम. हा काळा दगड वसईहून आणला असं सांगतात. ‘बॅसिलिका’ हा शब्दही रोमचाच, तिथे तो न्यायदानाच्या आणि व्यवहाराच्या दालनाला वापरत. जवळच सेंट कॅजेटनचं चर्च आहे, इटालियन धर्मगुरूंनी बांधलेलं, रोमच्या सेंट पीटरचा आदर्श समोर ठेवून.

खुद्द ग्रीस मात्र युरोपलाही नीट ठाऊक नव्हता. अथेन्स ऑटोमन अंमलाखाली होतं. १७५१ मध्ये स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोन इंग्रज तिथे पोचले, अवशेषांची मोजमापं घेतली आणि १७६२ मध्ये पहिला खंड छापला. त्यानंतर इंग्लंडात ग्रीक शैलीचं वेडच लागलं. गमतीचा भाग असा की पार्थेनॉन मुळात रंगवलेलं होतं. रंग उडालेल्या अवशेषांवरून युरोपने पांढरंशुभ्र ग्रीस कल्पिलं आणि तेच ‘शुद्ध’ म्हणून बांधत सुटला.

हिंदुस्थानात हे बांधणारे बहुतेक फौजी इंजिनिअर होते, हाताशी नमुन्यांची पुस्तकं. १८०३ साली पुरं झालेलं कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस कॅप्टन चार्ल्स वायटने इंग्लंडातल्या केडल्स्टन हॉल या हवेलीवरून बेतलं. बंगालात दगडाची वानवा, म्हणून तिथले खांब विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा.

मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकची तीच इमारत, कर्नल थॉमस कूपरचा. काम १८२१ मध्ये सुरू झालं, १८३३ मध्ये संपलं. मधल्या रखडीचं कारण पैसा. सुरुवातीला चक्क लॉटरी काढली होती, ती पुरली नाही. शेवटी सरकारला हात घालावा लागला. खांब इंग्लंडहून बोटीने आले. त्यांतले काही टाउन हॉलला फारच मोठे ठरले आणि भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला गेले, असं मुंबईचे जुने वर्णनकार लिहितात. माझ्या मते इमारतीतला सगळ्यात प्रामाणिक भाग मात्र खांबांच्या बाजूला आहे: खिडक्यांवरची लाकडी छपरं. पुस्तकात मुंबईचा पाऊस नव्हता.

फार काळ हे चाललं नाही. १८६० नंतर किल्ल्याचे तट पडले आणि नव्या मुंबईने टोकदार गॉथिक शैली उचलली. त्रिकोणी माथा मागे पडला.

कोरिंथियन खांब मात्र हटला नाही. त्याची जन्मकथा विट्रुव्हियसनेच सांगितली आहे. कोरिंथमध्ये एक मुलगी वारली, दाईने तिच्या आवडत्या वस्तू टोपलीत घालून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं. खाली अकँथस नावाच्या झुडपाचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली आणि टोपलीला बिलगून कौलाच्या कोपऱ्यांशी वळली. कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिलं आणि दगडात उतरवलं. या अकँथसचा सख्खा भाऊबंद, मारांडी, आपल्या खाडीकाठच्या खारफुटीत वाढतो. अडुळसा, कोरांटी, कारवी हीसुद्धा त्याच कुळातली.

आता तीच पानं पीओपीच्या साच्यातून निघतात. हायवेलगतच्या मंगल कार्यालयाच्या दारात चार पांढरे खांब असतात, वर सोनेरी रंगाची पानं. भार आतल्या सळया पेलतात. बोटाने टकटक केलं तर बाहेरचा खांब पोकळ वाजतो.