नऊ इंचांचा नियम आणि ट्रेकच्या सॅकमधला सुरा

पावसाळा सरत आला की ट्रेकर मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. सॅकमध्ये न मिटणारा, अखंड पात्याचा सुरा ठेवला तर चालतो का, आणि ठेवायचाच तर कोणता? उत्तरही ठरलेलं असतं: "नऊ इंचांच्या आत असला की झालं." हे उत्तर निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं माहीत नसल्यामुळे चांगली माणसं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत, म्हणून हा आकडा आला कुठून ते नीट सांगतो.

तो आला १९६२ च्या शस्त्र नियमांतून. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हे नियम झाले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात बंदुकीखेरीजची शस्त्रं आहेत. तलवारी, गुप्त्या, कट्यारी, संगिनी, भाले यांच्याबरोबर तिथे सुरेही आहेत, कृपाण आणि खुकरीसह. अट अशी की पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असावं. आणि पुढे अपवाद आहे: घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. २०१६ मध्ये नवे नियम आले, पण या वर्गाचा गाभा तोच राहिला.

यातल्या 'किंवा' या शब्दाकडे लोकांचं लक्षच जात नाही. सगळे लांबी मोजतात, रुंदी कुणी मोजत नाही. मटणाच्या दुकानातला सत्तूर लांबीला आखूड असतो, पण दोन इंचांहून सहज रुंद भरतो. कोकणातल्या काही कोयत्यांचं तेच. तरीही ही हत्यारं परवान्याशिवाय राजरोस विकली जातात, ती केवळ त्या अपवादामुळे.

खरा गुंता अपवादातल्या 'बनवलेली' या शब्दात आहे. तुम्ही ती वस्तू कशासाठी नेताय, हे त्या ओळीत कुठेच विचारलेलं नाही. विचारलंय ते एवढंच, की ती घडवली कशासाठी. दहा इंची पात्याची स्वयंपाकघरातली सुरी घरगुती कामाची, म्हणून यादीबाहेर. तेवढ्याच लांबीच्या, त्याच पोलादाच्या सुऱ्याच्या खोक्यावर 'हंटिंग नाइफ' छापलं की मात्र पंचाईत. शिकार हे घरगुती काम नाही, शेतीचं नाही, शास्त्रीय किंवा औद्योगिक तर नाहीच. कॅम्पिंगचंही तसंच, त्याला अपवादात स्वतःची जागा नाही. विक्रेत्याने रुबाबासाठी दिलेलं नाव घेणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकतं. माझ्या मते या नियमातला सगळ्यात अन्यायाचा भाग हाच आहे. पात्याची लांबी पट्टीने मोजता येते, घडवण्यामागचा हेतू कशाने मोजायचा?

नऊ इंचांच्या आत आलात की सुटलात, असंही नाही. कायद्याच्या कलम ४ नुसार सरकार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून ठरावीक प्रकारच्या शस्त्रांना परवाना सक्तीचा करू शकतं. दिल्लीत १९८० मध्ये अशी अधिसूचना निघाली. बटणाचे, गरारीचे (म्हणजे उघडताना दातेरी खाचांवर अडकत जाणारे), यंत्राने उघडणारे-मिटणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असलं की त्यात येतात. म्हणजे जेमतेम तीन इंच. 'मिटणारा चाकू कायद्याच्या दृष्टीने निर्धोक' असं समजून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे रोजच्या व्यवहारात जास्त आडवा येतो तो १९५१ चा पोलीस कायदा, म्हणजे पूर्वीचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा. सणासुदीला, निवडणुकीत, आंदोलनाच्या दिवसांत कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या यादीत सुरे, काठ्या, लाठ्या सगळंच येतं आणि तिथे इंचांचा हिशेब नसतो. पेपरात आलेला आदेश ट्रेकला निघताना कोण वाचतो? वाचायला हवा.

आता थोडं मागचं. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला तेव्हा त्यांचा डोळा बंदुकांवर आणि तलवारींवर होता. शिकार संस्थानिकांची, साहेबांची आणि परवानेवाल्यांची. जनावर सोलायचा सुरा त्या लवाजम्यातली एक किरकोळ वस्तू. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. तेव्हापासून आपल्याकडे शिकारीचा सुरा हे नाव उरलं, काम उरलं नाही.

याच १९७२ च्या कायद्यात ट्रेकरच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, आणि नेमकी तिचीच चर्चा होत नाही. कलम ३१ म्हणतं, लेखी परवानगीशिवाय कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. शस्त्राच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, जाळी, फासे यांच्या जोडीला 'सुरे' हा शब्द सरळ घातलेला आहे. नऊ इंच नाहीत, दोन इंच नाहीत, घरगुती-शेतीचा अपवादही नाही. आणि आपले लाडके किल्ले कुठे आहेत बघा. वासोटा कोयना अभयारण्यात. हरिश्चंद्रगड त्याच्याच नावाच्या अभयारण्यात. भीमाशंकर आहे, कर्नाळा आहे. यांतली बरीचशी अभयारण्यं १९८० च्या दशकात जाहीर झाली. त्याआधीपासून तिथे जाणाऱ्या जुन्या मंडळींच्या पिशवीत घरचा कोयता असायचा, वाट सोडवायला आणि चुलीची लाकडं फोडायला. डोंगर तोच, वाट तीच, पण मधल्या काळात हद्द बदलली. ही गोष्ट पुढच्या पिढीला कुणी नीट सांगितली नाही.

कोयत्याचं तर नावच बदनाम झालं. २०२२ च्या अखेरीस पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. २०२३ च्या सुरुवातीला दुकानदारांना कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहायला सांगण्यात आलं. शहरातल्या लोकांची भीती खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण ऊसतोडीला निघालेल्या माणसाला त्याचं रोजचं अवजार घेताना ओळखपत्र दाखवावं लागणं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मग घ्यायचा कोणता? गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑनलाइन खरेदीमुळे परदेशी सुरे घरबसल्या मिळू लागले आणि त्यांच्यासोबत तिकडचे सल्लेही आले. जाड पाठीचा घ्या, त्याच्यावर ओंडक्याने ठोकून लाकूड फाडता आलं पाहिजे, वगैरे. तिकडे ते ठीक. आपल्याकडे १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव वनात विस्तव पेटवायचा नाही आणि झाड छाटायचंही नाही. मग पाच मिलिमीटर जाडीचं धूड वाहायचं कशासाठी? आपल्याला कांदा चिरायचा असतो, दोरी कापायची असते, परवानगी असलेल्या जागी तंबूसाठी बांबूची खुंटी तासायची असते. त्याला चार इंची, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचं पातं भरपूर होतं. स्वीडनमधल्या मोरा गावचे साधे सुरे जगभर खपतात ते याच मापामुळे.

पोलादाचं म्हणाल तर सह्याद्रीतल्या जुलैत साधं कार्बनचं पातं एका रात्रीत तांबूस होतं. त्याला धार सुरेख लागते, पण पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आळस असेल तर स्टेनलेस घ्यावं. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहाराने घडवलेली सुरीही उत्तम, फक्त पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आहे का, ते विचारून घ्यावं.

धारेच्या बाबतीत आपण जे गमावलं त्याची मला जास्त हळहळ वाटते. पूर्वी गावात घिसाडी यायचे, लोहार खुरपी-विळे शेवटून द्यायचा. म्हणजे भट्टीत तापवून, कड ठोकून पातळ करून पुन्हा पाणी द्यायचं, तापलेली कड पाण्यात बुडवून कडक करायची. शिकलगारांचं तर नावच या धंद्यावरून पडलं. दगड कुरुंदाचा. इंग्रजीतलं कोरंडम हे नाव तमिळमधल्या 'कुरुंदम'वरून गेलेलं. नंतर सायकलवरचं कोरडं चाक आलं. त्याच्या ठिणग्या बघायला मुलं जमायची, पण पातळ पात्याचं त्यात नुकसान व्हायचं. कोरड्या घर्षणाने कड तापते, तीनशे अंशांच्या आसपास निळी पडते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. अशी निळी झालेली सुरी दोन दिवसांत पुन्हा बोथट.

घरी करायचं तर दोन बाजूंचा दगड पुरतो, एक ४०० नंबरची आणि दुसरी १००० ची; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. कोनाचं लोकांना उगाच भय वाटतं. पातं एक इंच रुंद असेल तर धार दगडावर टेकवून पाठ साधारण नऊ मिलिमीटर उचलावी, वीस अंशांचा कोन होतो. मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत राहायचं. काही वेळाने दुसऱ्या बाजूने, पाठीकडून धारेकडे अंगठा अलगद नेला की बारीक खरखर लागते. ती उलटलेली कड. ती पूर्ण लांबीभर लागली की मगच बाजू बदलायची, त्याआधी नाही. बहुतेकांची धार बिघडते ती इथल्या घाईमुळे. शेवटी १००० च्या बाजूवर दोन्हीकडून हलके हात आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा फेरे, धार मागे ठेवून. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती ठेवून ओढली आणि साल न दबता चिरली गेली, की झालं.

काही वर्षांपूर्वी एका अभयारण्याच्या चौकीवर माझी सॅक तपासली. चार इंची सुरी निघाली. वनरक्षकाने शांतपणे ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वहीत 'सुरी, नग १' असं लिहून माझी सही घेतली. आमच्या पुढे वाडीतले एक काका चालले होते, कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि थांबवू नये असंच मला वाटलं. संध्याकाळी उतरल्यावर सुरी परत मिळाली. तेव्हापासून अभयारण्यातल्या ट्रेकला मी कांदा-काकडी घरूनच चिरून डब्यात नेतो.